चार ते साडेचार राजकारण

४ फेब्रुवारी

ह्यांच्या ग्रंथालयात जुन्या नोंदवह्या रद्दीत निघाल्या. त्यातली एक कोरी ह्यांनी मला आणून दिली. म्हणाले, "दिवसभर जे बोलतेस त्यातलं थोडं लिहीत जा." म्हणजे तेवढं तरी ह्यांना ऐकावं लागणार नाही. समजतं मला सगळं. तरी वहीचा कागद जाड आहे, म्हणून सुरुवात करते.

आजची मोठी बातमी अशी की सरकार सगळ्या देशाची घड्याळं अर्धा तास पुढे करणार. एक मार्चपासून. सकाळचा उजेड वाया जातो म्हणे. उजेड काय सरकारच्या बापाचा आहे? चौतीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करते. एकेक घड्याळ दिवसाला चार सेकंदांच्या आत आणायला मान मोडून बसते, आणि सरकार एका सहीत तीस मिनिटं हलवणार!

टिकटिक मंडळात अर्थातच आग लागली. टिकटिक मंडळ म्हणजे आम्हा घड्याळ दुरुस्तीवाल्यांचा फोनवरचा गट. सहा वर्षांपूर्वी मीच काढला, एका जुन्या घड्याळाचं चाक कुठे मिळेना म्हणून. आता गावोगावचे एक्केचाळीस जण आहेत. बहुतेकांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. सगळे टोपणनावाने वावरतात, मी 'किल्ली'. नियम तीनच. सुट्या भागाची चौकशी आली की त्याच दिवशी उत्तर द्यायचं. सकाळी फुलांची चित्रं पाठवली की हकालपट्टी. आणि राजकारण फक्त दुपारी चार ते साडेचार. चहाच्या वेळेला तोंड मोकळं सोडायचं आणि साडेचारला मिटायचं. एक मिनिट इकडेतिकडे झालं की मी त्या माणसाला दिवसभरासाठी बाहेर काढते. आपणच वेळ पाळली नाही तर पाळणार कोण?

आज बरोब्बर चारला 'नगारा' नावाच्या महाभागाने लिहिलं, "दूरदृष्टीचा निर्णय. सरकारचं अभिनंदन."

मी लिहिलं, "नगारेबुवा, आपले मंत्री सभेला दोन तास उशिरा येतात. त्यांना पुढे ढकला, घड्याळं राहू द्या."

नगारा: "किल्लीबाई, तुमच्या पक्षाची सत्ता होती तेव्हा घड्याळं होती, पण बघायला वीज नव्हती."

आमचे 'मास्तर' दुरुस्तीच्या वर्गात शिकवतात. त्यांनी चार परिच्छेद लिहिले आणि शेवटी नेहमीप्रमाणे 'विचार व्हावा' असं टाकलं. कुणी वाचले असतील असं वाटत नाही. 'भिंतवाला' फक्त भिंतीवरची घड्याळं करतो. त्याच्याकडे दोनशे बारा घड्याळं लटकली आहेत. तो म्हणाला, "मला पक्ष नाही, मला शिडी लागणार." 'मधमाशी' आमच्यातली सगळ्यात लहान, पंचविशीची. तिने एक जांभई देणारं तोंड टाकलं. साडेचारला मी शिट्टीचं चित्र टाकून सगळ्यांना गप्प केलं. मजा आली.

७ फेब्रुवारी

बायकांच्या बारीक घड्याळातला स्क्रू आज दोनदा उडाला. तिळाएवढा तो. अर्धा तास गुडघ्यांवर रांगत लोहचुंबक फिरवलं तेव्हा सापडला. चिमटे हल्ली धड बनवतच नाहीत. हा ह्या वर्षातला माझा चौथा, आणि चारही एकाच जातीचे नालायक.

शेवटी घड्याळ बंद करून मंडळात फोटो टाकला. "ह्याच्या चाकाचा आस इकडे मिळत नाही. कुणाकडे आहे का?" पाच मिनिटांत मधमाशीचं उत्तर आलं, "माझ्याकडे आहे काकू. पाठवा, बसवूनच देते." खरं सांगायचं तर आस माझ्या खणात होता. पण तेवढंच पोरीला शिकायला मिळतं. गेलं वर्षभर मी मंडळातल्या बऱ्याच जणांना असं काम देते. पुढच्या पिढीकडे कुणीतरी बघायला हवं की नको?

१२ फेब्रुवारी

हे तीन वाजता दुकानात चहा घेऊन येतात. ग्रंथालय कोपऱ्यावरच आहे. आज माझ्या लक्षात आलं की हे मला अर्धाच कप देतात. विचारलं तर म्हणाले, "गार होतो पुरा कप." मी म्हटलं, "सरकारने अर्धा तास पळवला, तुम्ही अर्धा कप. संगनमत आहे का?" हे हसले आणि म्हणाले, "त्या माणसाची खरी पंचाईत. दोनशे बारा घड्याळं, एकटा कुठवर शिडी चढणार?"

भिंतवाल्याबद्दल मी ह्यांना कधी सांगितलं आठवत नाही. झोपेत बोलत असेन.

१५ फेब्रुवारी

रोज सकाळी मी मंडळात 'आजचं घड्याळ' म्हणून वीस सेकंदांची चित्रफीत टाकते. भिंगाखाली चिमट्याने काम चालू असतं ते दिसतं. पूर्वी लोक चुका काढायचे. नगारा तर म्हणायचा, "बाई, चिमटा धरलाय की लाटणं?" आता कुणी अवाक्षर काढत नाही, नुसते जोडलेले हात टाकतात. एवढा आदर मिळवायला सहा वर्षं लागली.

आज फीत जरा हललेली आली. फोन जुना झाला.

१९ फेब्रुवारी

चार वाजून चार मिनिटांनी नगाऱ्याने माझी जाहीर अब्रू घेतली. म्हणाला, "किल्लीबाईंनी आजवर ज्याला ज्याला मत दिलं तो पडला. ह्यांनी असंच आमच्या विरोधात मतदान करत राहावं, आमच्या पक्षाचं कल्याण होईल." एक्केचाळिसांतले बावीस जण हसले. मी मोजले.

मी लिहिलं, "मी तुमच्या पक्षालाच मत देणार आता. बघू कसे वाचता."

ह्यावर खुद्द मास्तरांनी हसरं तोंड टाकलं. तो माणूस हसतो हे मला माहीत नव्हतं. नगाऱ्याने लिहिलं, "दया करा, बाई. आमच्या पक्षाला बायकापोरं आहेत." मेल्याला बोलता येतं, हे कबूल करावं लागेल. माणूस धिप्पाड, मिशाळ आणि ढेरपोट्या असणार. अशांचा आवाज टाईप करतानाही ऐकू येतो.

२६ फेब्रुवारी

पलीकडच्या रुग्णालयातल्या सिस्टर आल्या होत्या. त्यांचं छातीवर अडकवायचं घड्याळ आहे, उलट्या तोंडाचं. नाडी मोजायला तेच लागतं म्हणाल्या, बॅटरीवाल्यावर त्यांचा विश्वास नाही. बाई शहाणी आहे. घड्याळ मिनिटाला दोन सेकंद मागे पडतं. "मला कसं कळलं माहितेय?" म्हणाल्या आणि माझं मनगट धरून नाडी मोजायला लागल्या. मोजून झाली तरी हात सोडेनात. माझ्या बोटांकडे बघत बसल्या.

"बाई, एकदा येऊन जा आमच्याकडे. मंगळवारी मोठे डॉक्टर असतात."

मी म्हटलं, "सिस्टर, मी गिऱ्हाइकाला नवं घड्याळ गळ्यात मारत नाही, तुम्ही मला डॉक्टर मारू नका." त्या हसल्या नाहीत. रुग्णालयांनाही आता गिऱ्हाइकं गोळा करावी लागतात म्हणजे कमाल झाली.

घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग वाकली आहे. एका रविवारचं काम. तरी मधमाशीला द्यावं म्हणते.

१ मार्च

आज पहाटे देश अर्धा तास पुढे गेला. मी नाही गेले.

दुकानातली छपन्न घड्याळं जुन्या वेळेवर ठेवली आहेत. फोन सरकारला फितूर झाला आणि आपणहून पुढे गेला, त्यालाही हाताने मागे आणलं. ह्यांनी विचारलं, "मग तुझे किती वाजलेत?" म्हटलं, "खरे किती ते." हे म्हणाले, "बरं," आणि आपलं मनगटी घड्याळ नव्या वेळेवर लावून निघून गेले. घरात दोन वेळा झाल्या. ह्यांच्या वेळेला मला भूक नव्हती आणि माझ्या वेळेला ह्यांचं जेवण निवलेलं होतं.

२ मार्च

आजचा दिवस इतिहासात जाणार.

दुपारी साडेतीनला, माझ्या म्हणजे खऱ्या साडेतीनला, नगाऱ्याने मंडळात लिहिलं, "नव्या युगाच्या सर्व प्रवाशांना नमस्कार. उजेड कसा वाटतोय?" अर्धा तास आधी! मी तत्काळ बाहेर काढला. त्यावर मास्तरांनी लिहिलं की चार वाजून गेले आहेत, विचार व्हावा. त्यांनाही काढलं. भिंतवाला म्हणाला, "ताई, तुमचं घड्याळ मागे आहे." घड्याळवालीला! त्याला तर दोनदा काढायची सोय असती तर काढला असता. मग एकामागोमाग एक सगळे सुरू झाले. कुणी हसत होतं, कुणी समजावत होतं, आणि समजावणं हेही राजकारणच. मधमाशी म्हणाली, "काकू, थांबा ना जरा." माझं बोट थांबेना. थांबेना म्हणजे मुद्दामच थांबवलं नाही मी. चार वाजायच्या आत एकोणचाळीस जण बाहेर.

उरलो दोघे. मी आणि 'सावकाश' नावाचा एक सदस्य. त्याने सहा वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. शिस्त असावी तर अशी.

जाहीर करून टाकलं की ज्यांना परत यायचं असेल त्यांनी मला वेगळं लिहून माफी मागावी. वाचायला सावकाश सोडून कोणी नव्हतं, तरी जाहीर केलं.

४ मार्च

कुणाचीही माफी आली नाही. शांतता फार छान आहे. चार ते साडेचार मी खिडकीतून रस्ता बघितला.

५ मार्च

तीन वाजता ह्यांनी चहा ओतताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "नियम मोडला त्यांनी, पण तू जरा घाई केलीस." मी विचारलं, "कुणी मोडला? काय मोडला? तुम्हाला कोणी सांगितलं?" हे गोंधळले. म्हणाले, "तूच नाही का..." आणि थर्मासचं झाकण लावून निघाले. ग्रंथालयातली माणसं पुस्तकं वाचून वाचून मनातलं ओळखायला शिकत असतील.

९ मार्च

सिस्टरांचं घड्याळ पाठवायला मधमाशी मंडळात राहिली नाही, म्हणून आज स्वतः बसले. मी! चौतीस वर्षांत अशा शेकडो स्प्रिंगा मी सरळ केल्या असतील. दार लावून घेतलं, दिवा जवळ ओढला, कोपरं फळीवर टेकवली, श्वास धरला.

चिमट्याचं टोक स्प्रिंगमध्ये शिरलं आणि हललं. मी हलवलं नाही. ते हललं. स्प्रिंग आधी वाकली होती, आता तिचा गुंता झाला. सोडवायला गेले तर तुटली.

बाहेर कुणी गिऱ्हाईक दार ठोठावत होतं. मी उघडलं नाही. उजवा हात डाव्या हातात धरून बसले. डावा धरत होता तोवर उजवा ठीक होता.

मग मंडळात फोटो टाकला. "ही स्प्रिंग कुणाकडे आहे का?" सावकाशने पाहिलं. उत्तर नाही. त्याच दिवशी उत्तर द्यायचं हा नियम असूनही.

१० मार्च

सिस्टर घड्याळ न्यायला आल्या. मी म्हटलं भाग मिळत नाही. चौतीस वर्षांत गिऱ्हाइकाला पहिल्यांदा खोटं बोलले. ह्या वहीत लिहिते कारण दुसरीकडे लिहिण्याची हिंमत नाही. त्या म्हणाल्या, "सावकाश करा, बाई. तोवर मी भिंतीवरचं बघून नाडी मोजते." भिंतीवरचं!

१३ मार्च

आज जे झालं ते ओळीने लिहायला हवं.

सकाळी अकराच्या सुमाराला, नव्या वेळेने साडेअकराला, एक बारीकसा माणूस दुकानात आला. मिशा नाहीत, ढेरी नाही, आवाज असा की कान पुढे करावा लागतो. भिंतीवरची छपन्न घड्याळं त्याने एक नजर बघितली. म्हणाला, "अजून विरोधी पक्षातच आहात तर."

मी म्हटलं, "नगारा?"

"तीन तास बसमध्ये बसून आलोय. आधी पाणी द्या, मग हकालपट्टी करा."

पाणी दिलं. त्याने पेला माझ्या हातातून घेतला नाही, मी फळीवर ठेवेपर्यंत थांबला आणि मग उचलला. मला ते कळलं. मी म्हटलं, "माफी मागायला आलात का?"

"कशाची? चार वाजले होते."

"साडेतीन."

"बाई, सूर्य सोडून सगळ्यांचे चार वाजले होते." मग म्हणाला, "ते राहू दे. सिस्टरांचं घड्याळ कुठेय?"

मी विचारलं, सिस्टरांचं घड्याळ ह्याला काय माहीत. तो म्हणाला की मंडळातून एकाने निरोप पाठवला. मी म्हटलं मंडळात आहेच कोण. तो म्हणाला, "आहे एकजण. नाव सांगू नका असं त्याने बजावलंय." त्या सावकाशला माझ्या दुकानातल्या गोष्टी कुठून कळतात देव जाणे. त्यालाही काढायला हवा.

मी घड्याळ दाखवलं. तो माझ्याच खुर्चीत बसला, माझंच भिंग डोळ्याला लावलं आणि तुटलेल्या स्प्रिंगकडे बराच वेळ बघितलं. खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यात नवी स्प्रिंग. म्हणजे येतानाच घेऊन आला होता. तुटणार हे धरून.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं की माझ्याच्याने होणार नाही?"

तो काम करत करत म्हणाला, "तुम्हीच. रोज सकाळी वीस सेकंद."

 त्याने फोन काढून माझ्यासमोर ठेवला. दुसरा एक गट होता. नाव 'किल्लीची कामं'. मला वाटलं हकालपट्टीनंतर काढला असेल. तारीख बघितली तर गेल्या वर्षीची, एप्रिलची. अकरा महिने! मी वर वर सरकवत गेले. माझी घड्याळं होती सगळी. प्रत्येकाचा फोटो, खाली कोण करणार ते. मधमाशी नऊ. मास्तर सात. भिंतवाल्याने लिहिलं होतं, "मला बारीक जमत नाही, पण पट्टे मी बदलून देतो." नगारा चौदा, सगळी मी दुसऱ्यांच्या पत्त्यावर धाडलेली. चौदा! ज्या दिवशी दुपारी मी त्याला 'सरकारी भाट' म्हटलं होतं, त्या दिवशी सकाळी त्याने माझं एक घड्याळ पुरं करून पाठवलं होतं. तीस घड्याळं मी मोठ्या मनाने पुढच्या पिढीला दिली होती ना. पुढची पिढी साठ वर्षांची होती आणि माझ्या विरोधी पक्षात होती.

म्हटलं, "म्हणजे अकरा महिने सगळे मिळून माझी कीव करत होतात."

"कीव नाही हो. राजकारण करत होतो. साडेचारच्या नंतरचं."

"मग सांगितलं का नाही तोंडावर?"

त्याने भिंग काढलं. "मी दोनदा लिहिलं आणि खोडलं. तुम्हाला 'लाटणं' म्हणालो होतो एकदा, आठवतं? त्यानंतर तुमची पुढची फीत बघितली आणि कळलं की मी काय बोललो. पंधरा दिवस मंडळात आलो नाही. सगळ्यांना वाटलं पक्षाचं काम आहे."

मी रडले. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी नाकारेन. परक्या माणसासमोर, माझ्याच दुकानात, पदर नाकाला लावून मी चांगली पाच मिनिटं रडले. तो घड्याळ जुळवत बसला आणि त्याने एकदाही वर बघितलं नाही. घड्याळ चालू झालं तेव्हा मी कान लावला. आवाज स्वच्छ होता. काम उत्तम केलंय, हे सरकारच्या बाजूच्या माणसाबद्दल लिहिताना मला त्रास होतोय.

जाताना म्हणाला, "सिस्टरांना द्या. आणि त्या म्हणतात तिकडे मंगळवारी जा." म्हणजे हेही कळलंय. मी म्हटलं, "जाईन. पण घड्याळं पुढे करणार नाही." तो म्हणाला, "नका करू. विरोधक हवाच कुणीतरी," आणि बस पकडायला गेला.

१७ मार्च

मंगळवार. गेले. हे बरोबर होते, ग्रंथालयाला कुलूप घालून आले. एकोणतीस वर्षांत तिसऱ्यांदा कुलूप. पहिली दोन आमच्या लग्नाला आणि सासूबाईंच्या मरणाला.

मोठ्या डॉक्टरांनी गोल काढायला लावले, रेघा ओढायला लावल्या, बोटं नाकाला लावायला लावली. मी म्हटलं, "पहिलीत घालताय का?" रोगाचं नाव लांबलचक आहे, ते मी इथे लिहून त्याला मान देणार नाही. गोळ्या दिल्या. थरथर कमी होईल म्हणाले, जाणार नाही.

मी विचारलं, "घड्याळं?"

"बारीक काम नका करू. मोठं काहीतरी चालेल."

"किती मोठं?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. देवा. मी भिंतवाला होणार.

 दुकानापाशी आल्यावर हे म्हणाले, "मला वर्षभर माहीत होतं." मी म्हटलं, "अर्ध्या कपावरून कळलंय मला, मी मूर्ख नाही."  अजून काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं, पण सांगितलं नाही.

१८ मार्च

एकोणचाळीस जणांना परत घेतलं. सगळ्यांना एकेक करून निमंत्रण पाठवायला दोन तास लागले. चारच्या आधीच सगळे आले.  चाळीस माणसं फोन धरून बसलेली मला इथून दिसत होती.

मी लिहिलं, "माझा हात थरथरतो. बारीक काम सुटलं. तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. वाईट वाटतंय. आभारी आहे. आता राजकारण सुरू करा." हे एवढं लिहायला अकरा मिनिटं लागली, कारण मधली अक्षरं दोनदोनदा उमटत होती.

 मग नगारा: "सरकारने अर्धा तास घेतला तर देश पेटवायला निघालात. हात गेला तर नुसतं वाईट वाटतंय? मोर्चा कुठेय?"

मग मास्तरांचे चार परिच्छेद आले. मी सगळे वाचले. त्यांत त्यांनी लिहिलं होतं की वर्गातल्या पोरांना घड्याळाचा आवाज ऐकून दोष ओळखता येत नाही, यंत्रावर ठेवल्याशिवाय कळत नाही, तेव्हा आठवड्यातून दोन दिवस शिव्या द्यायला कोणी आलं तर बरं. विचार व्हावा. भिंतवाला म्हणाला, "शिडी माझ्याकडे आहे, ताई. लाजू नका." मधमाशीने काही लिहिलं नाही. तिने फोन केला आणि फोनवर नुसती नाक ओढत बसली. मी म्हटलं, "पोरी, हात माझा गेलाय, तू कशाला रडतेस?" मग दोघी हसलो.

२४ मार्च

आजपासून अक्षर ह्यांचं. मी बोलते आणि हे लिहितात. कालची पानं मलाच वाचता येईनात, म्हणून ही व्यवस्था. गोळ्यांनी फरक पडायला महिना लागेल म्हणे. खाजगी वही नवऱ्याला लिहायला सांगणं म्हणजे चोराला पहाऱ्याला बसवणं. हे वाक्य त्यांनी लिहायला नकार दिला, मी लिहायला लावलं.

मागची पानं वाचायची नाहीत असं ठरलंय. (वाचलेली नाहीत.) कंसातलं ह्यांनी स्वतःच्या मनाने घुसवलं आहे. पुन्हा असं केलं तर दिवसभरासाठी बाहेर काढीन.

लिहा. आज दुकानात बारीक हत्यारांचा डबा मधमाशीला पाठवायला बांधला. त्यात चारही चिमटे ठेवले. चिमटे चांगले होते. चारही. लिहिलंत? मास्तरांच्या वर्गात पहिला दिवस झाला. एका मुलीला डोळे मिटून घड्याळ कानाला लावायला सांगितलं. ती म्हणाली, काही कळत नाही. मी म्हटलं, मलाही चार वर्षं कळत नव्हतं, गप्प बस आणि ऐक. ती ऐकत बसली. मी तिच्या हातांकडे बघत होते. हात अगदी स्थिर होते तिचे.

पुढे लिहा. त्या वेळेला मला तिचा राग आला. आला तर आला, लिहा तसंच. त्या पोरीने काय वाकडं केलंय माझं? तरी आला.

आता हे लिहा की मला भीती वाटते. हातांची नाही. उद्या सकाळी दुकान उघडून त्या खुर्चीत बसायचं आणि करायला काही नाही, त्याची. हे कुणाला सांगितलेलं नाही.

हे थांबलेत. लिहा म्हणते तर लिहीत नाहीत, नुसते बसलेत. अहो, भीती वाटते, दोनच तर शब्द आहेत.

लिहिलं. आता विचारतायत, पुढे काय. पुढे काही नाही. तेवढंच आहे. पण उठू नका, बसा इथेच जरा.